फोनच्या ॲपवर ९७ पीएस दिसतात, मग खरे किती? रस्त्यावरच्या डेटावरनं चाकाची पॉवर आणि टॉर्क

प्रश्न थोडक्यात असा आहे: १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक, कंपनीच्या कागदावर ८३ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) पॉवर आणि ११३ न्यूटन-मीटर टॉर्क, रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) आणि नवा एअर फिल्टर टाकून घेतला, करून देणाऱ्यानं १२ पीएस वाढले म्हणून सांगितलं, फोनवरचं ॲप ९७ दाखवतंय, डायनो, म्हणजे रोलरवर गाडी चालवून पॉवर मोजायचं मशीन, काय हाताशी नाही, तर रस्त्यावर गाडी पळवून खरा आकडा काढता येतो का.

येतो भावा, आणि बऱ्यापैकी नेमका येतो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेच काम करतो, आणि डायनोवर जायच्या आधी आम्ही प्रत्येक गाडीचं रस्त्यावरचं रीडिंग घेतोच घेतो. पण ॲप उघडलं, पाय दाबला, आकडा आला, असं ते काम नाही. आकडा कुणीही काढतं, त्या आकड्यातले किती पीएस इंजिनचे आणि किती रस्त्याच्या उताराचे, हे वेगळं काढणं ही खरी मेहनत आहे.

आधी मूळ गोष्ट. चाकावर जो जोर येतो तो जातो कुठं? गाडीचं वजन पळवायला, हवा कापायला, टायर रोल करायला, आणि चढ असला तर वर चढवायला. पाचवं गिऱ्हाईक नाही. हे चार जोर न्यूटनमध्ये काढायचे, बेरीज करायची, आणि त्याला वेगानं, मीटर प्रति सेकंदात, गुणायचं, की वॅट आले. ७३५.५ नं भागलं की पीएस. ब्रिटिश हॉर्सपॉवर पाहिजे असेल तर ७४५.७ नं भागायचं, आणि बिल-ब्रोशरवर नक्की कुठला लिहिलाय ते बघायचं, कारण नुसत्या त्या फरकानंच ८३ चे ८२ होतात.

आता पहिलं काम, वजन. ब्रोशरमधलं कर्ब वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, घेऊ नको. वजनकाट्यावर जा, रनच्या वेळी जी माणसं असणार तीच बसवून, तेवढंच पेट्रोल ठेवून वजन कर आणि पावती जपून ठेव. मोठे काटे १०-१० किलोच्या टप्प्यात दाखवतात, तेवढं चालतंय, एक टक्का होतो. पण ७० किलोचा मित्र मोजायचा राहिला तर ९० च्या स्पीडला ३ पीएसच्या वर फरक पडतो. हे मी माझ्याच कामातनं शिकलो. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा आधीचा रन मी पोरग्याला बरोबर घेऊन आणि डिकीत टूलबॉक्स ठेवून केला, नंतरचा एकट्यानं, टूलबॉक्स गॅरेजमध्येच, आणि हिशेबात वजन मात्र तेच ठेवलं. ६ पीएस वाढले म्हणून त्याला सांगूनही टाकलं. रात्री वही बघताना डोक्यात आलं की १०० किलो कमी झाल्यात. दुसऱ्या दिवशी बोलावून परत रन घेतला, वाढ निघाली १ पीएसची. त्या दिवसापासनं वहीत प्रत्येक रनपुढं गाडीत कोण होतं आणि टाकीत किती पेट्रोल होतं हे लिहिलेलं असतं.

वजनात अजून एक भर घालायची. गाडी पळते तेव्हा चाकं, फ्लायव्हील, क्रँक हे सगळं फिरायलाही लागतं, त्याला वेगळा जोर जातो. अशा छोट्या गाडीला थर्ड गिअरमध्ये साधारण ७ टक्के धरायचे, सेकंडमध्ये ११ ते १२, आणि न्यूट्रलमध्ये नुसत्या चाकांचे साधारण साडेतीन. समजा माणसांसकट वजन १०२० किलो भरलं, तर थर्डमध्ये हिशेबाला १०९० आणि न्यूट्रलमध्ये १०५६.

दुसरं काम स्पीडचं, आणि जास्तीत जास्त लोक इथंच फसतात. डॅशबोर्डवरचा काटा मुद्दाम थोडा जास्त दाखवतो, कमी दाखवायची त्याला परवानगीच नाही. ३ टक्के जास्त वाचला तर स्पीडही ३ टक्के चुकतो आणि ॲक्सिलरेशनही, म्हणजे पॉवर ६ टक्क्यांनी फुगते, आपल्या उदाहरणात साडेतीन पीएस फुकटात. फोनचा जीपीएस सेकंदाला एकदा स्पीड देतो, आणि आपला सगळा खेळ सव्वादोन सेकंदांचा, त्यात दोन ठिपके येणार, त्यावर काय रेष मारणार. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमधनं मिळणारा, स्पीड पूर्ण आकड्यातच येतो, ८७, ८८, ८९, मधलं काही नाही.

म्हणून स्पीड सोडायचा आणि आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, धरायचा. एका गिअरमध्ये क्लच घसरत नसेल तर आरपीएम आणि स्पीड एकमेकांना बांधलेले असतात, आणि ओबीडी आरपीएम पाव-पाव आकड्यापर्यंत देतं. सपाट रस्त्यावर थर्डमध्ये जीपीएसनं बरोबर ८० धरून १५-२० सेकंद चालवायची आणि आरपीएम बघायचा. समजा ३९६५ आला. म्हणजे एका किलोमीटर स्पीडला ४९.५६ आरपीएम. झालं, आता ८५ म्हणजे ४२१३ आणि ९५ म्हणजे ४७०८. ओबीडीच्या सॉकेटला लावायचं डोंगल स्वस्तातलं, ईएलएम ३२७ चिपवालं असलं तरी चालतं, फक्त त्याला एकच गोष्ट विचारायची, आरपीएम. कूलंट, थ्रॉटल, फ्युएल ट्रिम असं सगळं एकदम मागितलं की ते एकेक करून आणून देतं आणि आरपीएमची वाचनं विरळ होतात. इनटेकचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं, तापमान रनच्या आधी आणि नंतर बघून वहीत लिहायचं. क्लच घसरत असेल तर मात्र आरपीएम गाडीच्या पुढं पळतो आणि पॉवर खोटी वाढते, म्हणून जीपीएस मागं चालू ठेवायचाच, दोन्हीचा मेळ बसत नसेल तर आधी क्लच बघायचा. ऑटोमॅटिक गाडीत सीव्हीटी (ठरलेले गिअर नसलेला गिअरबॉक्स) किंवा लॉक न झालेला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातनं जोर देणारा भाग) असेल तर ही आरपीएमची पद्धत चालतच नाही, तिथं सेकंदाला १० वाचनं देणारा जीपीएस लॉगर लागतो.

फोनमधल्या ॲक्सिलरोमीटरवर चालणारी ॲप्स, म्हणजे तू वापरलंस तसलं, त्यांची अडचण वेगळी आहे. पाय दाबला की गाडी मागं बसते आणि नाक वर होतं. फोनला ते कळत नाही, तो नुसता कलतो आणि गुरुत्वाकर्षणाचा तुकडा ॲक्सिलरेशनमध्ये धरून टाकतो. अर्धा अंश कलला तरी ९० च्या स्पीडला तीन पीएसच्या वर जातात. त्यात ॲपनं वजन स्वतःच्या मनानं धरलेलं असतं, वर १५ टक्के गिअरबॉक्सचा लॉस म्हणून जोडून क्रँकचा, म्हणजे थेट इंजिनवरचा, आकडा दाखवतं, आणि तुझे ९७ बहुतेक असेच जमलेत.

आता हवा आणि टायर. ह्याचा जोर पुस्तकातनं घेण्यापेक्षा गाडीलाच विचारायचा. सपाट सरळ रस्त्यावर १०० ला नेऊन न्यूट्रल करायची आणि गाडी सोडून द्यायची, ब्रेक नाही, स्टिअरिंग सरळ, इंजिन चालूच ठेवायचं, नाहीतर ब्रेक-स्टिअरिंगची मदत जाते. ९५ वरनं ८५ वर यायला किती सेकंद, आणि खाली ५० वरनं ४० वर यायला किती. इथं वेळ लांब असते म्हणून जीपीएसवर भागतं. समजा वरचे ८.२ सेकंद आणि खालचे १६.३. दहा किलोमीटर म्हणजे २.७७८ मीटर प्रति सेकंद, त्याला ८.२ नं भागून १०५६ नं गुणलं की ३५८ न्यूटन, हा ९० च्या स्पीडचा अडथळा. तसंच ४५ चा १८० न्यूटन. हवेचा जोर स्पीडच्या वर्गानं वाढतो, स्पीड अर्धा झाला की हवा पाव होते, म्हणजे दोन्हीतला जो १७८ चा फरक आहे तो ९० च्या हवेचा पाऊण हिस्सा. हवा २३७, टायर-बेअरिंग १२१. हे दोन आकडे एकदा मिळाले की तुझ्या गाडीचे कायमचे झाले, टायर बदलला किंवा कॅरिअर लावला तरच परत काढायचे. हो, हे पण दोन्ही दिशांनी करून सरासरी घ्यायची, आणि टायरची हवा थंड असताना भरून.

मग मुख्य रन. थर्ड गिअर, साधारण ७० ला स्थिर, एसी बंद, इंजिन चांगलं २० मिनिटं चाललेलं, आणि पाय एकदम तळापर्यंत. ८५ ते ९५ ला लागलेला वेळ बघायचा. त्याच तुकड्यावर वळून परत उलट्या दिशेनं. समजा जाताना २.१६ सेकंद आणि येताना २.३९.

नुसता जातानाचा आकडा धरला तर हिशेब असा: २.७७८ भागिले २.१६ म्हणजे १.२८६, गुणिले १०९० म्हणजे १४०२ न्यूटन, अधिक ३५८, झाले १७६०, गुणिले २५ मीटर प्रति सेकंद, ४४ किलोवॅट, ५९.८ पीएस. येतानाचा तसाच काढला तर ५५.२. गाडी तीच, पेट्रोल तेच, पाच मिनिटांच्या अंतरानं, आणि साडेचार पीएसचा फरक, का, तर रस्त्याला ०.७ टक्के उतार आहे. १०० मीटरला ७० सेंटिमीटर. ते डोळ्याला दिसत नाही रे, आपल्याकडचा सपाट म्हणतो तो प्रत्येक रस्ता असाच कुठल्या तरी ओढ्याकडं उतरत असतो. पूर्ण १ टक्का उतार असला तर ३.४ पीएस बसल्या जागी मिळतात. आधीचा रन चढाला आणि रीमॅपनंतरचा उताराला घेतला की कुठलाही ट्यूनर हिरो होतो. मुद्दाम फसवलंच असं मी म्हणणार नाही, पण एकाच दिशेचा आकडा कुणी दाखवला तर मी तो वाचतही नाही.

दोन्ही ॲक्सिलरेशनची सरासरी घेतली की १.२२४, चढ-उतार आपोआप कटतो. १३३४ अधिक ३५८ म्हणजे १६९२ न्यूटन, गुणिले २५, ४२.३ किलोवॅट, ५७.५ पीएस. वारा मात्र पूर्ण कटत नाही, कारण तो वर्गात जातो, पण मंद आणि एकसारखा असेल तर उरलेला फरक किरकोळ असतो. झोताचा वारा असेल तर घरी जायचं, त्या दिवशी काही खरं नाही.

आणि एकाच रनवर थांबायचं नाही. वेळेत पाच शतांश सेकंदाची चूक झाली की एक पीएस गेला किंवा आला. दोन्ही दिशांनी पाच-पाच रन घे आणि मधला धर. अजून चांगलं म्हणजे ४२०० ते ४७०० मधली आरपीएमची सगळी वाचनं एक्सेलमध्ये घालून सरळ रेष बसवायची आणि त्या रेषेचा स्लोप घ्यायचा, सुरुवातीचा आणि शेवटचा अशा दोनच वाचनांवर भार टाकायचा नाही. ओळीओळीनं फरक काढून ग्राफ मारलास तर तो करवतीसारखा दिसेल, घाबरू नको, स्पीडमधला छोटा नॉइज भागाकारात मोठा होतो. स्मूदिंग करायलाच लागतं, फक्त आधीच्या आणि नंतरच्या रनला तेवढंच करायचं, एकाला कमी आणि एकाला जास्त केलं की शिखर खालीवर होतं.

टॉर्कचं लोक उगंच अवघड करतात. किलोवॅटला ९५४९ नं गुणायचं आणि आरपीएमनं भागायचं. ४२.३ गुणिले ९५४९ भागिले ४४६०, आले ९०.६ न्यूटन-मीटर. पडताळा पाहिजे तर दुसऱ्या बाजूनं कर: जोर १६९२ न्यूटन, टायरची रोलिंग त्रिज्या ०.३० मीटर, गुणाकार ५०८, हा प्रत्यक्ष चाकावरचा टॉर्क. गिअर आणि फायनल मिळून गुणोत्तर आरपीएम आणि स्पीडवरनंच निघतं, इथं ५.६, त्यानं भागलं की परत ९०.६. त्यामुळं कुणी "माझ्या गाडीला चाकावर ५०० न्यूटन-मीटर आहे" म्हणाला तर तो खोटं बोलत नाही, पण गिअरनं गुणलेला आकडा सांगतोय, तो कागदावरच्या ११३ शेजारी मांडायचा नाही. त्रिज्या टायरवर छापलेल्या साइजवरनं काढलीस तर जरा कमी करून घे, वजनाखाली टायर दबतो. चुन्याची खूण करून चाकाचे १० फेरे ढकलून टेपनं मोजलं की काम पक्कं.

आता ११३ कुठं आणि ९०.६ कुठं, गाडी खराब आहे का? नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासनं सुमारे ५५० मीटरवर आहे, इथं हवेचा खरा दाब ९५० मिलीबारच्या आसपास असतो, आणि इंजिनला मिळणारी हवा तेवढी पातळ. एसएई जे १३४९ नावाचं करेक्शन आहे, ते २५ अंश आणि कोरड्या हवेचा ९९० मिलीबार दाब धरून सगळ्यांचे आकडे एका पातळीवर आणतं. आपल्याकडं सकाळी २५ अंशाला ते साधारण १.०७ येतं. ९०.६ चे झाले ९७. आता ११३ शी तुलना केली तर १४ टक्के कमी, आणि तेवढं गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट मिळून खातात. म्हणजे माझ्या ह्या उदाहरणातली गाडी ठणठणीत आहे. पण एक सांभाळ, हवामानाच्या ॲपमध्ये जो १०१० वगैरे दाब दिसतो तो समुद्रसपाटीला आणलेला असतो, कोल्हापूरचा प्रत्यक्ष नसतो. तो घातलास तर करेक्शन जवळजवळ शून्य होईल आणि गाडी उगंच आजारी दिसेल. फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर त्याचा घे. आणि टर्बो गाडीला हे करेक्शन डोळे झाकून लावायचं नाही, पातळ हवा टर्बो स्वतःच बरीचशी भरून काढतो, वरनं आपण परत ७ टक्के दिले की दुप्पट मोजणी होते.

क्रँकचा आकडा काढायच्या नादाला मात्र लागू नको. सगळीकडं १५ टक्के जोडतात, पण तो आकडा गिअर, तेल, तापमान, लोड ह्यावर हलतो. न्यूट्रलमध्ये गाडी सोडतो तेव्हा डिफरन्शिअल आणि गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरतच असतो, त्याचं घर्षण आपल्या ३५८ मध्ये आधीच आलंय, म्हणजे आपला आकडा शुद्ध चाकाच्या आकड्यापेक्षा किंचित जास्तच असतो. त्यावर परत लॉस जोडणं बरोबर नाही. चाकाचा आकडा चाकाचाच म्हणून सांगावा.

अजून एक लक्षात घे. ४४६० आरपीएमला ५७.५ हा पीक, म्हणजे पॉवरचा सगळ्यात वरचा आकडा, नाही. पीक ६००० च्या जवळ आहे, आणि थर्डमध्ये ६००० म्हणजे १२० च्या वर स्पीड, चौपदरी हायवेची मर्यादा कारला १०० आहे. पीकसाठी सेकंड गिअर वापर, ८० च्या आसपास ६००० होतात. तिथं फिरणाऱ्या भागांची टक्केवारी जास्त म्हणून चूकही थोडी जास्त, पण आधी-नंतर तुलनेला चालतं. हलकी अलॉय किंवा हलकं फ्लायव्हील मध्येच बसवलंस तर हिशेबातला ७ टक्क्यांचा आकडा बदलतो, आणि तो बदलला नाहीस तर इंजिनला हात न लावता पॉवर वाढलेली दिसते.

जागा. हायवेवर हे करू नको, तिथं वळून परत त्याच तुकड्यावर यायला जमतच नाही. एमआयडीसीतला सरळ रस्ता, रविवारी सकाळी नीट उजाडल्यावर, आधी दोन फेऱ्या सावकाश मारून, माणसं, कुत्री, स्पीडब्रेकर बघून, आणि फोन शेजारच्याच्या हातात. उसाच्या हंगामात अंधारात अजिबात नाही. मागं दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरला लावलेल्या असतात, आणि ९० च्या स्पीडला त्या दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. रस्ता मोकळा नसेल तर रन सोडून दे.

आता तुझ्या १२ पीएसचं. नीट वजन, दोन्ही दिशा, पाच-पाच रन, एवढं केलं तर ही पद्धत २ ते ३ टक्क्यांत परत परत तोच आकडा देते, म्हणजे दीड पीएसचा फरक धूसर, पण १२ चा फरक लपूच शकत नाही. साध्या बिनटर्बोच्या इंजिनात हवा तेवढीच जाणार, रीमॅपनं इग्निशन आणि मिक्श्चर थोडं पुढंमागं होतं, कमी आरपीएमला गाडी मोकळी वाटते कारण थ्रॉटलचा मॅप तीव्र केलेला असतो, पण तळापर्यंत पाय दाबल्यावर १४ टक्के वाढ मी तरी अशा इंजिनात नुसत्या रीमॅप-फिल्टरवर कधी मोजलेली नाही. माझं ऐकू नको, मोज. आत्ताच्या फाईलवर, म्हणजे रीमॅपच्या सॉफ्टवेअरवर, रन घे, मग ट्यूनरकडनं ओरिजिनल फाईल परत घालून घे, शक्यतो त्याच सकाळी रन घे, आणि शेवटी नवी फाईल परत घालून तिसऱ्यांदा. पहिला आणि तिसरा जुळला तरच मधल्याशी तुलना करायची, नाही जुळला तर गाडी नाही, दिवस बदललाय. इनटेकचं तापमान तिन्ही वेळा चार-पाच अंशांच्या आत पाहिजे. प्रामाणिक ट्यूनर ओरिजिनल फाईल घालून द्यायला नाही म्हणत नाही. तिन्ही रनच्या आरपीएमच्या फाईली आणि वजनाच्या पावतीचा फोटो पाठव, ॲपचा स्क्रीनशॉट नको, हिशेब मी करून देतो.